एक हिवाळा

कलमाच्या जोडाखाली चार बोटांवर फुटवा आला होता. सात पानं, प्रत्येकाच्या टोकाला खाच. वरच्या चिकूच्या पानांना खाच नव्हती. झाड एकच; खाली रायणीचं खोड, वर चिकूचं कलम.

उमेशने कोयत्याने तो फुटवा खरवडून काढला.

"मुळाला डोकं वर काढू द्यायचं नसतं," तो म्हणाला. "ही वाडी चिकूची. रायणीची म्हणतं का कोणी?"

दगडावर बसलेल्या त्याच्या बहिणीच्या, दक्षाच्या मांडीवर वाडीतल्या वाट्याच्या हक्कसोडाचा कागद होता. या घरातल्या बहिणी सही करतातच. दोन्ही आत्यांनी केली होती. वडील गेल्यापासून तीन वर्षं दक्षा मात्र आज-उद्या करत होती. नाही म्हणायला जीभ उचलत नव्हती. सहा वर्षांपूर्वी उमेशने तिला बोन मॅरो दिला, म्हणून ती जिवंत होती. तो हे लग्नात सांगायचा, वाणगावच्या बाजारात सांगायचा. हिच्या अंगात वाहतं ते रक्त माझं.

आज तो तिच्या तपासणीचा रिपोर्टही घेऊन आला होता. त्यातला एक शब्द त्याने मोबाइलवर शोधला होता. कायमेरा. ग्रीक लोकांच्या गोष्टीतली राक्षसीण: तोंड सिंहाचं, मधे बकरी, शेपटीच्या जागी साप.

"डॉक्टरांनी बरोबर ओळखलं तुला," तो म्हणाला. ओट्यावर चिकू निवडणारी चंद्रिका वहिनी मान खाली घालून हसली.

दक्षाने शांतपणे सांगितलं की एका शरीरात दोघांच्या पेशी नांदत असल्या की डॉक्टर तो शब्द वापरतात. आणि राक्षसिणीच्याही आधी ग्रीकमध्ये त्याचा अर्थ साधा होता. एक हिवाळा काढलेली शेळी.

"शेळीच ना?" उमेश म्हणाला. "मग दावं माझ्या हातात. कर सही."

दक्षाला मुंबईच्या इस्पितळातली काचेची खोली आठवली. डिसेंबर होता. उमेशने दिलेल्या मॅरोची पिशवी चार तासांत रिकामी झाली होती. त्यानंतरचे एक्केचाळीस दिवस, तापाचे आणि तोंडातल्या जखमांचे, त्या खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

तिने पेनाला टोपण लावलं. कागदाची घडी घालून त्याच्यापुढे धरली.

"रक्त तुझं आहे, दादा. हिवाळा मी काढला," ती म्हणाली. "मी सही करणार नाही."