विश्वासाची दोन कुलपं

नमुन्यांच्या फ्रीजरवरचा आकडा उणे ऐंशीवरून उणे साठवर आला होता. शेजारचा चांगला फ्रीजर रिकामाच होता. पण दोन देशांच्या आरोग्य खात्यांनी एकमेकांवरच्या विश्वासापोटी या बिघडलेल्या फ्रीजरला दोन कुलपं घातली होती आणि दुसरी किल्ली परदेशात होती. आत होतं तापाने दगावलेल्या मुलांचं रक्त, पुन्हा कधीच न मिळणारं.

"साहेब, आकडा काही थांबत नाहीये," डॉक्टरबाई सकाळपासून व्हिडिओ कॉलच्या स्क्रीनला विनवत होत्या.

"त्यांची परवानगी येऊ द्या, मॅडम," इकडच्या खात्याचे संचालक म्हणाले.

"आमचीही फाइल वर गेलीय," पलीकडच्या देशाचे अधिकारी म्हणाले.

संध्याकाळी दोघांचं एकदाचं एकमत झालं: सोमवारी संयुक्त बैठक घ्यायची.

डॉक्टरबाईंनी माइक बंद न करताच शिपायाला हाक मारली.



"मामा, हातोडा आणा."