डोंगराची खिडकी

खिडकी पुन्हा उमटायला लागली. वरून खाली, पट्टीपट्टीने. थोराने प्लास्टरमधला पाय स्टुलावरून खाली घेतला, पुन्हा वर ठेवला.

प्रोग्रॅम चालत होता अँकरेजच्या ज्वालामुखी-निरीक्षण केंद्रातल्या मोठ्या युनिक्स कॉम्प्युटरवर. इथे, तिच्या घरच्या कॉम्प्युटरवर, फोनच्या तारेतून सरपटत येत होती ती फक्त त्याची खिडकी. खिडकीत हार्लन ज्वालामुखीवर बसवलेल्या भूकंपमापकांच्या रेघा. केंद्रात बसलं की हेच चित्र पापणी लवायच्या आत समोर येई. घरी तोवर कॉफी निवत असे. रविवार असल्यामुळे केंद्राला कुलूप होतं आणि डोंगरावर लक्ष ठेवायची पाळी तिची होती. खरं तर ती आज डोंगरावरच असायची. पाय मोडला म्हणून तिच्या जागी ड्वेन गेला होता, हेलिकॉप्टरने, शिखराजवळचं एक यंत्र दुरुस्त करायला.

"झालं का तुझं?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं. "तुझी सिग्रिड मावशी सकाळपासून फोन लावत असेल. तिला वाटेल, बहीण मेली."

"पाच मिनिटं, आई."

"तुझी पाच मिनिटं मला चांगली ठाऊक आहेत."

वरच्या रेघा सरळ आल्या. मग शिखराजवळच्या दुसऱ्या, चालू यंत्राची आली, ती जाडसर होती. थोरा पुढे वाकली. डोंगराने धक्का दिला की रेघ उंच उडते आणि शांत होते. ही उडत नव्हती. नुसती थरथरत होती, न थांबता. पोटातून काही वर सरकायला लागलं की डोंगर असा थरथरतो. शिखरावर जोराचा वारा सुटला तरी रेघ अशीच दिसते.

खाली दरीत, जमिनीत खोल पुरलेलं एक यंत्र होतं. तिथे वारा पोचत नाही. थोराने त्याची रेघ मोठी करून मागवली. खिडकी पांढरी झाली. मग कड उमटली. मग वरची पट्टी. ती टेबलावर बोटं आपटत राहिली.

आई हात पुसत दारात आली. "चेहरा का असा झालाय?"

"डोंगर थरथरतोय बहुतेक."

"ड्वेन आहे ना तिथे?"

"हो."

"मग सांग ना त्याला!"

"खात्री करतेय. मागच्या वर्षी नुसत्या वाऱ्याला भिऊन सगळ्यांना खाली उतरवलं होतं मी. अजून हसतात."

"आणि खात्री झाल्यावर सांगणार कसं? फोन तर तुझ्या या खोक्याने धरून ठेवलाय. शेजारचेही नदीवर गेलेत, नाहीतर मीच पळाले असते."

थोराने मोडेमकडे पाहिलं. घरात तार एकच. पाहायचं तर बोलता येत नव्हतं आणि बोलायचं तर पाहता येत नव्हतं. रेघेचा सुरुवातीचा बोटभर तुकडा उमटला होता. सरळ होता की जाड, सांगता येईना. आणखी थोडं थांबलं की कळेल. आणखी थोडंसंच.

"थोरा," आई म्हणाली.

थोराने हात मागे नेऊन मोडेममधली तार उपटली आणि फोनमध्ये खोचली.

हेलिकॉप्टरच्या तळावर रेडिओपाशी बसणाऱ्या बाईने फोन उचलला.

"ड्वेनला खाली आण," थोरा म्हणाली. "आत्ता. सामान राहू दे तिथेच."

"कारण काय सांगू?"

"सांग, मी म्हणतेय म्हणून."

"बरं. उतरले की त्यालाच फोन करायला लावते. लाइन मोकळी ठेव."

खिडकी पडद्यावर तशीच होती. पलीकडचं काही येत नाही, हे कॉम्प्युटरला अजून कळलं नव्हतं. रेघेचा तुकडा, बाकी पांढरं. थोराने माउस हलवला. बाण हलला, चित्र हललं नाही. तार पुन्हा जोडून सगळं पहिल्यापासून मागवलं असतं तर उरलेली रेघ दिसली असती, पण मग फोन वाजला नसता. ती कुबड्या घेऊन उठली, खोलीभर फिरली, बसली, पुन्हा उठली.

फोन वाजला. आईने झडप घातली. "सिग्रिड, जिवंत आहे मी, ठेव!" आणि आपटलाच.

पुढचा फोन यायला फार वेळ लागला. थोराने तो पहिल्याच घंटेला उचलला. मागे हेलिकॉप्टरची घरघर होती.

"काय गं हे!" ड्वेन ओरडला. त्याला धाप लागली होती. "सगळं वर टाकून आलोय. नव्या बॅटऱ्या, दोर, माझा डबासुद्धा. आणि इथून बघतोय तर तुझा डोंगर बाळासारखा झोपलाय. धूर नाही की काही नाही. असं दिसलं तरी काय तुला?"

"अर्धी रेघ."

"अर्धी?" तो थांबला. "मग उरलेली बघ की बाई. मी ठेवतो, तू लाव तुझं यंत्र, आणि काय ते कळव मला."

"थांब," थोरा म्हणाली. "ठेवू नकोस इतक्यात. तू खाली आलास, रेघ नंतर बघू. डब्यात काय होतं, ते सांग."