निंबा नानांचा नकार

“आधी बस, पाणी पी, मग सांग,” निंबा नाना म्हणाले.

चारुलता बसली, पण तिला धीर कुठला. पाचच्या आत शेठना फोन करायचा होता आणि साडेचार वाजून गेले होते. पिंप्राळ्यापर्यंत तिनं स्कूटर अशी दामटली होती की डोक्याला गुंडाळलेली ओढणी सोडायचंही सुचलं नव्हतं. नानांच्या बायकोनं, कुंदाबाईंनी, पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि त्या आत गेल्या.

“नाना, शेठ मला धुळ्याला पाठवताहेत. नवा कारखाना काढलाय. चटयांच्या डिझाइनची मॅनेजर. हाताखाली सहा जण.” एका दमात तिनं सांगून टाकलं. “आणि मी नाही म्हणणार आहे. तुमच्यासारखं.”



कारखान्यात ती गोष्ट सगळ्यांना पाठ होती. निंबा नानांनी मॅनेजरची खुर्ची तीनदा नाकारली. त्या काळी कॉम्प्युटर नव्हता. ग्राफ पेपरवर एकेक चौकोन रंगवत नानांनी तीस वर्षं वेली, मोर, कोयऱ्या चटईत उतरवल्या आणि शेवटी कारागीर म्हणूनच निवृत्त झाले. चारुलता नोकरीला लागली त्या पहिल्याच दिवशी चहा पिताना कोणीतरी तिला त्या तीन नकारांबद्दल ऐकवलं होतं. पुढची अठरा वर्षं ती त्या गोष्टीचं बोट धरून चालली.

आता कुठे तिचं लक्ष खाली गेलं. चटईवर हिरवे पोपट होते. तिचंच पहिलं डिझाइन. कागदावर झकास दिसलं होतं. चटई मागावरून उतरली तेव्हा नानांनी तिला एका बाजूला बसवलं, स्वतः समोर बसले आणि म्हणाले, “तुझे पोपट उभे, माझे डोक्यावर. चटईवर दोन्हीकडून माणसं बसतात, बाई.” ती चटई भंगारात जायची, ती त्यांनी घरी आणली होती. आजही ते उलट्या पोपटांच्या बाजूलाच बसले होते.

“त्या सहा जणांचे नमुने पाहिले मी,” ती म्हणाली. “इतके देखणे, की नजर हटत नाही. पण सगळ्यांची पाखरं एकाच बाजूनं सुलट दिसणारी. वाटलं, उठावं आणि सहाही जणांना चटईवर समोरासमोर बसवावं. कधी एकदा धुळ्याला जाते असं झालं होतं.” ती थांबली. “पण तुम्ही नाकारलं होतं ना.”

“कोनी सांगं तुले?” नाना अहिराणीवर आले.

“सगळेच सांगतात. तीनदा.”

नाना हसायला लागले. हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला.

“बेटा, ती खुर्ची तीनदा रिकामी व्हयनी. तिन्ही खेपले मी नवा सदरा घालीसन गऊ. माले कोनी इचारंच नही.”

“मग ती गोष्ट?”

“लोकसनी बनाडी. माले बी आवडनी. मंग मी बी गप ऱ्हायनू.”

चारुलतानं फोन काढला. पाचला दहा मिनिटं होती.

“शेठ, मी धुळ्याला जाते,” ती म्हणाली. “पण शिकवायला एक मास्तर लागेल. आठवड्यातून दोन दिवस. माणूस मी निवडणार.” पलीकडून होकार आला तसा तिचा चेहरा फुलला. फोन ठेवून ती उठली आणि चटई ओलांडून नानांच्या शेजारी, उलट्या पोपटांच्या बाजूला येऊन बसली.

“नाना, मी विचारते. येता का धुळ्याला?”

नानांनी उलट्या पोपटांवरून एकदा हात फिरवला. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाले, “कुंदा, मना नवा सदरा काढ.”