शुक्रवारचं हमिंग

विकीने अँप्लिफायर आडवा केला, डावा हात खिशात घातला आणि उजव्या हातातल्या लाकडी काडीने आतली एकेक तार जरा जरा सरकवायला सुरुवात केली. शॉक बसू नये म्हणून चालू मशीनमध्ये एकच हात घालायचा, तोही काडी धरून, हे धम्मदिनाने त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं. ती पलंगाच्या कडेला बसून होती. रांगायला लागलेल्या मुलीला तिने भिंतीकडे झोपवलं होतं आणि अलीकडून उशा लावल्या होत्या.

आज शुक्रवार, कापड विणणारे लूम बंद होते. इतर दिवशी गल्लीतल्या खटाखटीत अँप्लिफायरचं हमिंग, ती सततची घरघर, कुणाला ऐकू येणार? म्हणून हे काम शुक्रवारचं. बाकी सगळा आठवडा विकी त्याच खटाखटीत उभा असायचा, आणि सुट्टीच्या दिवशी घरातही तिथल्यासारखाच ओरडून बोलायचा. सकाळपासून ती त्याला सांगत होती, हळू बोल, उठेल ती.

अँप्लिफायर त्याने भंगारातून उभा केला होता. जुन्या रेडिओचे काचेचे वाल्व्ह, धंदा बंद पडलेल्या लाउडस्पीकरवाल्याचा ट्रान्सफॉर्मर. बाळारामच्या ऑर्केस्ट्राला गिटारवाला हवा होता. अट एकच, अँप्लिफायर स्वतःचा हवा आणि त्याने गुरगुरायचं नाही. लग्नातल्या हळदीच्या सीझनभर काम मिळालं की लूमची ड्युटी सुटणार होती. तेवढ्यासाठी विकीने कपॅसिटर बदलले, ट्रान्सफॉर्मर फिरवून बसवला, अर्थिंगच्या सगळ्या तारा एका स्क्रूखाली आणल्या. वाल्व्हकडे जाणाऱ्या दोन तारांना घट्ट पीळ धम्मदिनाने घालून दिला होता. त्याची बोटं दमली होती.

दुपारी बाळाराम आला. चप्पल दारातच ठेवून तो आत डोकावला, मग स्पीकरपाशी उकिडवा बसला.

"चालू हाय का रे? का शोभेला ठेवलाय?"

विकीने गिटारची एक तार छेडली. आवाज खोलीभर झाला. मुलगी दचकली, पण उठली नाही. आवाज विरला, आणि मग पंख्याच्या कुरकुरीशिवाय काही उरलं नाही.

बाळाराम खूश झाला. संध्याकाळी काल्हेरला हळद आहे, टेम्पो पाठवतो, म्हणाला. विकीने नकारार्थी मान हलवली. आज नको, पुढच्या वेळी बघू.

"अजून पुढच्या येली? नवरी हाय का तू, लाजायला?" बाळाराम उठला. जाताना धम्मदिनाला म्हणाला, "वैनी, टेम्पो येल. याला बसवून द्या."

तो गेल्यावर विकीने स्पीकरच्या कापडाला कान लावला. धम्मदिनाने पंखा बंद केला आणि दुसऱ्या बाजूने तीही वाकली. कापडाला धुळीचा वास होता. मागे मुलीचा श्वास ऐकू येत होता.

"गेलंय की," ती म्हणाली.

"नाही. आधी जाड होतं, आता बारीक झालंय. शिट्टीसारखं." त्याचे डोळे लाल होते. "माझ्यामुळे कार्यक्रम खराब झाला तर परत कोण बोलवेल मला?"

तो पुन्हा आत वाकला. एक तार काडीला दाद देईना, तसा त्याचा डावा हातही खिशातून बाहेर आला आणि मशीनकडे निघाला.

"विकी, हात."

त्याला ऐकू गेलं नाही. ती झटकन उठली, त्याच्या पाठीमागून बोर्डाकडे गेली आणि तिने प्लग उपसून काढला. तोवर त्याने हात मागे घेतला होता. नुसत्या काडीनेच तार सरकली होती. त्याने गुडघे टेकले, स्पीकरला कान लावला, डोळे मिटले.

मागच्या बाजूला वाल्व्हची तांबूस लाली हळूहळू उतरत गेली. मग ते काळे पडले. प्लग काढल्याचं ती सांगणारच होती.

"आता?" त्याने विचारलं.

तिने प्लग मुठीत घट्ट धरला. "तूच सांग."

तो ऐकत राहिला. बाहेर गल्लीत सगळं शांत होतं.

"आहे," तो म्हणाला. "तसंच आहे."

तिने काळ्या वाल्व्हकडे पाहिलं, मग त्याच्या कानाकडे. डोळे न उघडता त्याने काडीसाठी चाचपडलं. काडी घरंगळून तिच्या पायाशी आली होती. तिने ती उचलून त्याच्या हातात दिली. दुसऱ्या हातातला प्लग पाठीमागे धरला.