सवतीची पाटी

गावात मोठ्या माणसांची शाळा निघाली. मनसारामची बायको कुंता तिकडे निघाली, तर त्याने तिची पाटी दारातच फोडली. त्याच साली ती तापाने गेली. दुसरी बायको गोकुळा आली आणि रीतीप्रमाणे मेलेल्या सवतीची प्रतिमा कोरलेला चांदीचा टाक गळ्यात घालू लागली. घरात नवं जे येईल ते आधी टाकाला लावायचं, मगच आपण वापरायचं.

लहानपणी सुटलेली शाळा गोकुळालाही पुन्हा धरायची होती. मनसाराम नाहीच म्हणाला.

मग रोज दिवेलागणीला चुलीमागून पाटीवर पेन्सिल खरडल्याचा आवाज येऊ लागला.

“आयकून राह्यली का वं?” मनसाराम ओसरीवरून विचारी.

“मले त कायीच आयकू येत नाई,” गोकुळा चुलीपाशूनच म्हणे.

शेवटी तोच घाबरून म्हणाला, “कुंताले शाळा पायजे. तिच्या बदल्यात तू जाय.”

शाळेच्या वाटेवर गोकुळाने पदराखालून कुंताच्या फुटक्या पाटीचा तुकडा आणि पेन्सिल काढली, आणि बोडीच्या पाण्यात फेकून दिली.

दुपारी ती नवी पाटी घेऊन परतली. मनसाराम शेतावर, धानाच्या बांधीत होता. पाटी टाकाला लावायची राहून गेली, हे तिला उंबऱ्यातच आठवलं.



रिकाम्या घरात, चुलीमागे, कुणीतरी पाटीवर खरडत होतं.