समोरचं दार

किल्ली फिरेना. रियानने ती बाहेर काढली, शर्टाला पुसली, पुन्हा घातली. रात्रीचे दोन वाजून गेले होते. नदीकाठच्या बारमधून निघून, लिफ्ट नसलेले आठ मजले चढून तो वर आला होता आणि पायांत जीव उरला नव्हता. त्याने तोंडातल्या तोंडात शिवी हासडली, तोच दार आतून उघडलं.

दारात एक म्हातारी उभी होती. झोपेतून उठल्यासारखी दिसत नव्हती. अंगात लोकरी जाकीट, केस विंचरलेले. तिने त्याचं मनगट धरलं आणि नाडी बघितली. कपाळाला हात लावला. मग खांद्याला धरून त्याला वळवलं आणि त्याच्या घराचं दार दाखवलं. इतका वेळ तो तिच्याच कुलपाशी झगडत होता.

त्या रात्रीपासून ती रोज जागी असायची. रियान दक्षिण आफ्रिकेहून चीनमधल्या छोंगछिंगला येऊन चार महिने झाले होते. संध्याकाळपर्यंत मुलांना इंग्रजी शिकवायचं आणि मग इतर परदेशी मास्तरांबरोबर बारमध्ये बसायचं, असा त्याचा क्रम होता. तो कितीही वाजता येवो, आठव्या मजल्यावर पाऊल पडलं की समोरचं दार उघडायचं. म्हातारी नाडी बघायची. तो आत जाऊन कडी लावीपर्यंत तशीच उभी राहायची.

बारमध्ये या गोष्टीची फार करमणूक झाली. घड्याळात एक वाजला की कोणीतरी म्हणायचंच, "ऊठ रे, सासूबाई खोळंबल्यात." एकदा रियानबरोबर ओलेना आली होती, बारमध्ये गाणारी. म्हातारीने तिचीही नाडी बघितली. ओलेना आधी खूप हसली. मग म्हणाली, आईने पकडल्यासारखं वाटतंय, आणि तिथूनच खाली उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी रियानने शाळेच्या ऑफिसातल्या यालिंगला गाठलं. त्याला चिनी जेमतेम येत होतं. तू येऊन त्या बाईला समजाव, नाहीतर मी पोलिसांत जाईन, असं तो म्हणाला.

"जा ना," यालिंग म्हणाली. "काय लिहून देणार? म्हातारी माझ्या तब्येतीची चौकशी करते?"

पण रविवारी दुपारी ती आली. म्हातारीचं नाव फंग. नवरा वारलेला, मुलगी दूर शेंझेनला. म्हातारीने दोघांना बसवलं, संत्री सोलून दिली. यालिंगने हसत हसतच विषय काढला. हा आता मोठा झालाय, आजी, याच्यासाठी तुम्ही जागत बसू नका, असं काहीतरी. फंग आजी बोलायला लागल्या. आवाज न चढवता, भाजीचे भाव सांगावेत तशा. यालिंगचं हसू हळूहळू मावळलं. हातातली संत्र्याची फोड तिने परत ताटलीत ठेवली.

"काय म्हणतायत?" रियानने दोनदा विचारलं.

यालिंगने त्याच्याकडे न बघता सांगितलं. तुझ्याआधी समोर एक दाढीवाला राहायचा. तुझ्यासारखाच परदेशी. त्याचं नाव आजींना कधी म्हणता आलं नाही. तोही रोज पिऊन यायचा आणि चुकून यांच्याच कुलपात किल्ली घालायचा. या आतूनच ओरडायच्या, "समोर! समोर!" मग तो जायचा. एका रात्री किल्लीचा आवाज आला नाही. तो नुसता दार वाजवत होता. या पांघरुणातूनच ओरडल्या. तो वाजवतच राहिला. बराच वेळ. मग थांबला.

"मला वाटलं, गेला," फंग आजी म्हणाल्या. एवढं चिनी रियानलाही कळलं.

सकाळी कचरा टाकायला त्यांनी दार उघडलं, तर तो आत कलंडला. दाराला पाठ टेकून बसला होता. अंग गार पडलेलं.

घरमालकाने यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. जिना उतरताना यालिंग म्हणाली, आठवड्याभरात घर बदल. माझ्या आईला कळलं तर ती मला या अपशकुनी इमारतीत पाऊल टाकू देणार नाही. रियान हो म्हणाला. पण घर शोधायला तो गेला नाही. बारमध्येही गेला नाही. शाळा सुटली की सरळ घरी यायचा, आणि वर पोचल्यावर आपणहून हात पुढे करायचा. आजी नाडी बघायच्या, मान हलवायच्या आणि आत जायच्या.

पाचव्या रात्री त्याला जाग आली. प्यायला नव्हता, तापही नव्हता. कोणीतरी दार वाजवत होतं. त्याचं नाही, समोरचं. हलकेच, बोटांच्या पेरांनी, थांबून थांबून. तो बराच वेळ अंथरुणात पडून ऐकत राहिला. पांघरूण कानांवर ओढून घ्यावंसं वाटलं. त्याने ओढूनही बघितलं. मग अनवाणीच उठला आणि कडी काढली.

जिन्यातला दिवा पेटलेला होता. आवाज झाल्याशिवाय तो पेटत नसे. समोर फंग आजींचं दार सताड उघडं होतं. आजी चौकटीला टेकून एका बाजूला सरकून उभ्या होत्या, पाहुण्याला आत येऊ द्यावं तशा. दोन्ही दारांच्या मध्ये रिकामी फरशी होती.

रियानने जिन्यात वर पाहिलं, खाली पाहिलं.

"कोणी नाही, आजी," तो मोडक्यातोडक्या चिनीत म्हणाला.

आजींनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्याला समजावं म्हणून एकेक शब्द सावकाश उच्चारत त्यांनी विचारलं, "मग तू दार का उघडलंस?"