लाल लावलेले चार

"हे लालवाले द्या," प्रज्वल म्हणाला.

"ते विकायचे नाहीत," नागसेन म्हणाला.

झालं, इथूनच वाजलं. मोशीत बबनरावांच्या टायरच्या दुकानात सकाळचे अकरा वाजले होते. बाहेर रावेतहून आलेली प्रज्वलची उंच जीप उभी होती आणि पुढच्या सीटवर त्याची आई, कुसुमताई. तिचे गुडघे गेलेले. रविवारी तिला डोंगरावरच्या देवीपर्यंत गाडीनंच न्यायचं, असं लेकानं ठरवलं होतं. वरची वाट म्हणजे नुसते धोंडे. तिथं टायरची हवा कमी केली तरच टायर पसरतो आणि दगड धरतो. त्यासाठी हा डिफ्लेटर घ्यायचा. व्हॉल्व्हवर फिरवून बसवला की ठरल्या आकड्यापर्यंत हवा सोडतो आणि आपोआप थांबतो. चार चाकांना चार.

थांबला तर ठीक. हे लाल पट्ट्याचे चारही पीस अठरा पौंडांवर थांबायला हवे होते. एक बारावर थांबला, दोन दहावर, आणि चौथा तर थांबलाच नाही. एवढी हवा गेली की चढावर टायर रिमवरून निसटतो, मग गाडी देवीच्या भरवशावर. दुकानात नव्यानं कामाला लागलेल्या नागसेननं चारही जुन्या चाकावर लावून गेजनं तपासले होते. चाकणच्या एका कंपनीत तो बावीस वर्षं क्वालिटीला होता. कंपनी बंद झाली, खोड गेली नाही. नापास झालेल्या चारही पीसना त्यानं लाल रंग मारला आणि परत पाठवायच्या ट्रेमध्ये टाकले. बबनरावांनी तोच ट्रे उचलून पुढं काचेत मांडला.

"हा घ्या." नागसेननं हवेचा दाब दाखवणारं घड्याळ लावलेला डिफ्लेटर पुढं केला. "एकेका चाकापाशी बसायचं, हवा सोडायची, काटा अठरावर आला की बंद. वीस मिनिटं जातील. पण काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं."

"उकिडवं बसू? मी?" प्रज्वल हसला. "काका, मी व्हिडिओ बघून आलोय. मला ऑटोमॅटिक पाहिजेत, चारही एकदम. तुम्ही पंक्चर काढा, शिकवू नका."

"पंक्चरही नीटच काढतो. लाल देणार नाही. फेल आहेत ते."

"फेल? स्पेशल एडिशन आहे ती, मला माहितीये. आणि हा न खपलेला माल माझ्या गळ्यात मारायचाय होय?"

गल्ल्यावरून बबनराव उठले. "आवो साहेब, त्याचं काय ऐकताय? फेलबिल काय बी न्हाई. रंग शोभेला दिलाय." त्यांनी चारही काचेतून काढले आणि पिशवीत भरायला घेतले.

नागसेननं बाहेर बघितलं. म्हातारी पदरानं वारा घेत होती. मग त्यानं मालकाच्या हातातून पिशवी ओढली, चारही पीस ऐरणीवर ओतले आणि हातोडा उचलला. कंपनीत लाल पीस संध्याकाळी असेच चेपायचे, म्हणजे कुणाला मोह नको. चार घावांत चार चपट्या चकत्या.

"आरं ए! माज आलाय व्हय तुला?" बबनरावांचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "तीन आठवडं झालं न्हाईत कामाला लागून, आन माझ्याच मालावर हातोडा? चल, नीघ! उद्यापास्नं पायरी चढायची न्हाई!"

"थांबा, निघू नका," प्रज्वलनं मोबाइल वर धरला. "तुमचा व्हिडिओच टाकतो. कळू दे लोकांना, कसली माणसं ठेवलीत इथं."

नागसेननं खुंटीवरचा जेवणाचा डबा काढला. पन्नाशीच्या माणसाला आता कोण कामावर घेतंय, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी त्यानं फडक्यात आपला गेज नीट गुंडाळला आणि डब्याशेजारी ठेवला.

तेवढ्यात काउंटरला धरून कुसुमताई आत आली. आवाज ऐकून ती एकटीच गाडीतून उतरली होती. ऐरणीवरची एक चकती तिनं उचलली आणि लाल पट्ट्यावरून अंगठा फिरवला.

"हे कुणी लावलं?"

"मी," नागसेन म्हणाला.

"आणि लाल लावलेला माल गिऱ्हाइकाच्या हाताला येईल असा मांडला कुणी? ही काय रीत झाली?"

बबनराव भिंतीला लावलेले टायर मोजायला लागले.

"आई, तू गाडीत बस बरं," प्रज्वल म्हणाला. मोबाइल अजून वरच होता.

"गप. हेच लावून मला वर नेणार होतास?"

"अगं, तुला नाही कळायचं त्यातलं. ती डिझाइन असते."

"डिझाइन!" कुसुमताईनं ती चकती त्याच्या तळहातावर दाबली. "मेल्या, भोसरीच्या वर्कशॉपात सतरा वर्षं मी दुसरं काय केलं? फेल पीस दिसला की लाल मारायचा, फेल दिसला की लाल. रॉकेलनं घासलं तरी नखातनं रंग निघायचा नाही. त्या हातानं तुझ्या तोंडात घास घालायला जीव धजायचा नाही माझा. तुला चमच्यानं भरवलंय रे मी."